इंग्रजी कागदाची शेपटी

“आत्या, एका ओळीसाठी तू सगळं अडवून धरलंयस,” नितीन म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता.

“ओळीसाठी नाही, अर्ध्या ओळीसाठी,” मी म्हटलं. “पुढची अर्धी चांगली आहे, ती राहू दे. मागची अर्धी काढ, मी आत्ता सही करते.”

“बाई, मागची अर्धी काढता येत नाही,” खरेदीदाराचे वकील म्हणाले. “ती स्टँडर्ड असते.”

“स्टँडर्ड म्हणजे कुणी वाचत नाही ती. मी वाचते.”

शहापूरला तहसीलसमोर मोरूचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं हे चाललं होतं. नितीन माझ्या भावाचा मुलगा. भाऊ गेला. खर्डीच्या पलीकडं आमचा वडिलांपासूनचा माळ आहे, त्याच्या सातबाऱ्यावर आता तीन नावं: वहिनी, नितीन आणि मी. माळ विकायचा म्हणजे तिघांच्या सह्या. दोन झाल्या होत्या. तिसरीचं पेन माझ्या हातात होतं आणि त्याचं टोपण मी अजून काढलं नव्हतं. वहिनी भिंतीकडच्या बाकावर पिशवी मांडीत धरून बसली होती. सकाळपासून तिनं पाणी मागितलं होतं, तेवढंच काय ती बोलली होती.

माळाच्या खालच्या अंगाला एक डवरा आहे. झऱ्याचं पाणी साठतं असा खड्डा, कडेला दगड लावलेले. घरोघर नळ आले, पण होळी झाली की नळ नुसता हवा सोडतो. मग डवरा. वहिनीचं उन्हाळ्याचं पाणी तेवढंच. खरेदीखत मराठीत होतं, त्यात डवऱ्याचा उल्लेखच नाही. त्याच्यासोबत चार पानांचा इंग्रजी करार होता, त्यात होता. मी तो दोनदा वाचला. पुढची अर्धी ओळ सांगत होती, घरातल्या बायकांनी डवऱ्यावरून पाणी न्यावं. मागची सांगत होती: सब्जेक्ट टू खरेदीदाराची सोय, म्हणजे त्याला सोयीचं असेल तर, आणि प्रोव्हायडेड दॅट, म्हणजे अट अशी की, यातून कुणाचा कसलाही हक्क तयार होणार नाही.

म्हणजे पाणी आहे, आणि पाणी नाही. एकाच ओळीत, आणि मध्ये साधा स्वल्पविराम.

असले किस्से माझ्याकडं किती साठलेत म्हणून सांगू. मोरूच्या मशीनखाली एक खोका आहे, चुकून जास्त निघालेल्या कॉप्या तो त्यात टाकतो. कुणी न्यायला येत नाही आणि त्याला फेकवत नाही. माझ्या डोक्यात तसाच खोका आहे. गेली बावीस वर्षं मी मंगळवारी आणि शुक्रवारी या दुकानात बसते आणि लोकांचे इंग्रजी कागद त्यांना मराठीत वाचून दाखवते. मी चौथी पास. माझ्या वाचनात चूक काढणारा वकील शहापुरात अजून मला भेटलेला नाही, भेटला तर चहा मी पाजीन.

*

इंग्रजी मी हौसेनं शिकले नाही, रागानं शिकले.

माझे यजमान मुरबाडकडं एका कारखान्यात होते. ते गेल्यावर कंपनीचे साहेब घरी आले, चप्पल काढून बसले आणि एक पत्र देऊन गेले. पत्र इंग्रजीत, खाली शिक्का. साहेबांनी तोंडी सांगितलं, मुलाला नोकरी देणार. मी ते पत्र बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. देवाचं सामान होतं त्या फळीवर.

मुलगा अठराचा झाला, पत्र घेऊन गेलो. “अजून नाही.” विसाचा झाला. “अजून नाही.” गेटवरचा शिपाई ओळखायला लागला, स्टूल द्यायला लागला. असं करत अकरा वर्षं गेली. मुलगा तोवर भिवंडीला गोदामात लागला होता, मीच एकटी जायचे.

शेवटी एका ऑफिसातल्या मुलीला दया आली. ती म्हणाली, “मावशी, यात लिहिलंय सब्जेक्ट टू व्हेकन्सी. जागा रिकामी झाली तर.”

“आणि झाली नाही तर?”

“त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

त्याच आठवड्यात मी रद्दीवाल्याकडून शब्दकोश आणला. पहिली चाळीस पानं नव्हती, म्हणून माझं इंग्रजी मधूनच सुरू झालं. औषधाच्या चिठ्ठ्या, विम्याचे कागद, मिक्सरची गॅरंटी, सापडेल ते वाचलं. तेव्हा मला कळलं की इंग्रजी माणूस नाही म्हणत नाही. तो हो म्हणतो, आणि ‘हो’च्या मागं एक शेपटी बांधतो. आपण आधीच अडतो. “तू हे केलंस तर मी ते करीन,” असं म्हणून तोंडावर भांडतो, आणि मग हो. त्यांचा माणूस गोड हसून हो म्हणतो, तुम्ही पेढे वाटता, आणि शेपटी तुम्हाला अकरा वर्षांनी दिसते.

*

मुरबाडच्या वाटेवर एक मंगल कार्यालय आहे. एका मुलीच्या बापानं त्याचा बुकिंगचा कागद आणला. इंग्रजी, दोन पानं. मालक आपल्यातलाच, भातशेती करणारा, त्याला स्वतःला इंग्रजी येत नाही.

मी वाचायला लागले. हॉल मिळेल, प्रोव्हायडेड दॅट पाहुणे नदीकडचं दार बंद ठेवतील.

मी मुलीच्या बापाला विचारलं, “तिथं नदी कुठं आहे?”

“नदी नाय तिथं.”

“मग दार?”

“त्या बाजूला भिंत हाय, काकू. पलीकडं पेट्रोलपंप.”

मी मालकाला फोन लावला. तो म्हणाला, “तिकडं लांब एका हॉलचा कागद मिळाला, चांगला वाटला. नाव बदलून घेतलं.”

“यावर सह्या किती जणांनी केल्या?”

“सगळ्यांनी. तीन वर्षं झाली. कुणाची तक्रार नाय.”

तीन वर्षांत जेवढी लग्नं तिथं लागली, तेवढ्या मुलींच्या बापांनी लिहून दिलंय की नदीकडचं दार आम्ही बंद ठेवू. हसू नका. त्यातल्या एकानंही विचारलं नाही, कुठली नदी. मुलीचं लग्न आहे, कागद इंग्रजी आहे, करा सही. मुलगी देतानाही आपण असंच करतो.

*

हे सगळं मी नितीनला त्या दिवशी सांगत होते असं समजू नका. त्याला एकच सांगितला, म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलाचा, कारण तो तेवढ्यात म्हणाला, “आत्या, तोंडी ठरलंय ना, ते नाय म्हणणार नायत पाण्याला. चांगली माणसं आहेत.”

“माणसं चांगलीच असतात,” मी म्हटलं. “ऐक.”

म्हशाच्या जत्रेत बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव. पण बैलाची खोड मात्र उघड सांगायची, चारचौघांत, रुमाल टाकायच्या आधी. हा डाव्या बाजूला चालत नाही, हा पाण्यात शिरत नाही. ती रीत आहे. खोड लपवली तर पुढच्या वर्षी त्या माणसाच्या दावणीपुढं कुणी उभा राहत नाही.

कल्याणकडचे एक गृहस्थ शेतघरासाठी बैलजोडी घ्यायला आले. हौस. त्यांना बोटांचा भरवसा नव्हता. त्यांनी इंग्रजी कागद टाइप करून आणला होता. आमच्याकडच्या धर्मा नावाच्या म्हाताऱ्यानं आधी रीतीप्रमाणं सांगितलं, “सायब, यो पांढरा डांबरावर बसतो. मातीनं न्या.” मग त्यांच्या कागदावर अंगठा दिला.

गृहस्थांनी बैल डांबरानं नेला. बैल बसला. भर रस्त्यात, टेम्पो, डंपर, सगळे मागं उभे. शुक्रवारी ते कागद घेऊन माझ्यापुढं. “काकू, या करारावर बैल परत देता येईल ना?”

मी वाचला. कुठल्या तरी जुन्या मोटारीच्या विक्रीचा कागद होता. त्यांनी मोटार खोडून बैल लिहिलं होतं. अ‍ॅज इज, व्हेअर इज. जसा आहे तसा, जिथं आहे तिथं. परत घेणार नाही.

“हे तुम्हीच आणलंत?” मी विचारलं.

“हो. माझ्या सेफ्टीसाठी.”

धर्माला कुणीतरी कळवलं. तो चालत आला, पैसे परत केले, बैल सोडला, मातीच्या वाटेनं घरी घेऊन गेला. कागदाकडं बघितलंही नाही. म्हणाला, “बसला ना? मी बोललो व्हतो.”

पुढच्या वर्षी तेच गृहस्थ पुन्हा म्हशाला आले. या वेळी कागद चार पानांचा होता.

नितीन हसला. वकीलही हसले. मग वकील म्हणाले, “पण बाई, बैल परत घेतला ना शेवटी?”

“धर्मा होता म्हणून. तुमचे खरेदीदार धर्मा आहेत का?”

वकील फोन घेऊन बाहेर गेले.

*

शेतघराचंच आठवलं. हा किस्सा मी कुणाला सांगत नाही, पण लिहिते.

मुरबाडच्या डोंगराकडं एका बागेवर एक नवरा-बायको राखणीला होते. त्याचं नाव सुक्या. मालक मुंबईचे, सभ्य, दिवाळीला दोघांना कपडे आणायचे. त्यांनी सुक्याला रीतसर पत्र दिलं होतं. पत्र त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी छपराच्या वाशाला बांधून ठेवली होती. ते मला वाचायला दिलं. कोरडंठाक होतं, कौतुक वाटलं.

लिहिलं होतं, मागच्या खोलीत कुटुंबानं राहावं, सो लाँग अ‍ॅज त्याच्या कामाची गरज आहे. गरज आहे तोवर.

“म्हंजे किती?” सुक्यानं विचारलं.

“काम काय आहे तुझं?”

“कलमांना पाणी घालायचा. दोनशे कलमां हायत. मीच लावली.”

मी काय सांगणार? आंब्याची कलमं पाच-सात वर्षांत मुळं धरतात, मग त्यांना पाणी लागत नाही. हा माणूस रोज सकाळी दोन हंडे खांद्याला लावून दोनशे झाडांना पाणी घालत होता, मनापासून. एक झाड मरू दिलं नव्हतं त्यानं. अर्धी मारली असती तर अजून राहिला असता.

मी त्याला म्हटलं, “पत्र चांगलं आहे. जपून ठेव.”

इतक्या वर्षांत मी कागद खोटा वाचला तो तेवढा एकच. सहाव्या वर्षी मालकांनी त्याला फार प्रेमानं निरोप दिला. आंब्याची एक पेटीही दिली.

*

आणि एक बाळकृष्ण मास्तरांचा. मास्तर रिटायर झाले, त्यांच्या घराच्या मागं मोबाइलचा टॉवर आला. जागा त्यांचीच. करारात होतं की घरमालकानं मागणी केली तर टॉवर काढून नेऊ, प्रोव्हायडेड दॅट मागणी ठरलेल्या फॉर्ममध्ये हवी.

मास्तरांच्या बायकोला टॉवरच्या घरघरीनं झोप लागेना. मास्तरांनी फॉर्म मागितला. कंपनी म्हणाली, फॉर्म मोबाइलवर मिळतो. मास्तरांच्या मोबाइलवर तो उघडेना, घरात रेंजच नव्हती. टॉवरच्या अगदी पायथ्याशी रेंज येत नाही म्हणे. मास्तर फॉर्म भरायला दोन किलोमीटर चालत फाट्यावर जायचे. अर्धा भरून झाला की तो सांगायचा, घराच्या पत्त्यावर उभे राहून फोटो काढा.

तो फॉर्म मास्तर अजून भरतायत. त्यांच्या बायकोला आता टॉवर बंद पडला की जाग येते.

*

वकील आत आले ते घाम पुसत. खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले. आवाज बदललेला होता.

“बाई, मी बोललो. ते म्हणाले, लिहा काय हवं ते. मागची अर्धी काढून टाकतो.”

“सोय काढली?”

“काढली.”

“हक्क नाही, ते काढलं?”

“ते पण काढलं. पाणी नेण्याचा कायमचा हक्क, विनाअट. बस?”

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बावीस वर्षांत मी कितीतरी शेपट्या बघितल्या, बोट ठेवून दाखवल्या. कापली मात्र एकही नव्हती. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि सही करायचे. ही पहिली. मी नितीनकडं बघितलं. तो म्हणाला, “झालं ना आत्या तुझ्या मनासारखं?” त्याच्या आवाजात राग उरला नव्हता. दमला होता तो.

मी पेनाचं टोपण काढलं.

“फक्त एक,” वकील म्हणाले. “हक्क कायमचा म्हटला की कुणाचा ते नावानिशी लागतं. घरातल्या बायका असं मोघम चालणार नाही. नावं सांगा, हे टाइप करतील.”

मोरूनं कीबोर्ड पुढं ओढला.

“लिही,” मी म्हटलं. “पहिलं वहिनीचं. मग नितीनच्या बायकोचं.”

“तिचं कशाला?” नितीन म्हणाला. “आम्ही बदलापूरला असतो, आत्या. तिला डवरा कुठल्या अंगाला आहे ते पण माहीत नाय.”

“तुझ्या मुलीचं लिही मग.”

“ती आठ वर्षांची आहे. तिला शाळेत बाटली भरून देतो तर ती प्यायची विसरते.”

“बरं. शेजारच्या पारूचं. ती घरातली नाही, पण तिचाही हक्क आहेच. वकीलसाहेब, तेवढं चालवून घ्या.”

बाकावरून वहिनीचा आवाज आला, हळू. “पारू लेकाकडं गेली कल्याणला. दोन वरसां झाली.”

“भिकी?”

“तिच्या जावयानी बोअर मारलीन. ती नाय येत आता.”

“मग वरच्या आळीतल्या?”

“वरच्या आळीत टँकर येतो, वन्सं.”

मोरू थांबला होता. पडद्यावर वहिनीच्या नावाच्या जागेवर ती बारीक उभी रेघ उघडझाप करत होती. वहिनीचंही नाव त्यानं अजून टाइप केलं नव्हतं, मी पूर्ण यादी सांगीन म्हणून वाट बघत होता.

“माझं लिही,” मी म्हटलं.

माझं लग्न होऊन मी शहापूरला आले त्याला बावन्न वर्षं झाली. या बावन्न वर्षांत मी त्या डवऱ्यात एकदाही हंडा बुडवलेला नाही. माहेरी जायचे, वहिनी आयता तांब्या भरून पुढं करायची, मी प्यायचे आणि म्हणायचे, काय गोड पाणी गं. ते तिनं कधी आणलं, किती खेपा घातल्या, मी विचारलं नव्हतं.

“तुमचं टाकू का, काकू?” मोरूनं विचारलं.

वकील घड्याळाकडं बघत होते. तहसीलची वेळ संपत आली होती, आणि नाही म्हटलं तरी ते आता माझ्याच बाजूचे झाले होते. ते म्हणाले, “बाई, चार-पाच नावं तरी हवीत हो, एवढं भांडलात तर. नाही तर मी त्यांना काय सांगू?”

“मी सांगते,” मी म्हटलं. “घरातल्या पुढं येणाऱ्या सगळ्या सुना लिहा. अजून जन्मल्या नसतील तर नसू देत.”

“असं लिहिता येत नाही.”

“का येत नाही? तुमच्या इंग्रजीत न झालेल्या व्हेकन्सी लिहिता येतात, न आलेल्या सुना लिहिता येत नाहीत?”

“आत्या, बस कर ना,” नितीन म्हणाला.

“तू गप. तुझ्या आईच्या पाण्याचं चाललंय.”

“तिला मी बदलापूरला नेतो म्हणतोय. दोन वर्षं म्हणतोय. तीच येत नाय.”

“आणि का येईल? तिचं घर आहे तिथं. वकीलसाहेब, लिहा, सर्व बायका.”

“बाई, नावं.”

“सर्व.”

“नावं सांगा.”

वहिनी उठली. पिशवी बाकावर ठेवली. गुडघ्यावर हात ठेवून दोन पावलं आली आणि मोरूच्या खुर्चीला धरून उभी राहिली. पडद्यावरची ती उघडझाप करणारी रेघ तिनं जवळ जाऊन बघितली. माझ्याकडं बघितलं नाही, लेकाकडंही नाही.

“माझा एकलीचा नाव लिव, बाला,” ती मोरूला म्हणाली, “आन् मी मेली का खोडून टाक.”